कंडक्टरची सीट

"बसा मावशी, माझ्या सीटवर बसा," महामाया म्हणाली. त्यासाठी तिला उठावं लागलं नाही, कारण ती बसलेलीच नव्हती.

नायगावला चढलेल्या म्हातारीने गाठोडं मांडीवर घेतलं आणि तोंडभर आशीर्वाद दिला. देगलूर-नांदेड गाडीची ही कंडक्टर बाई म्हाताऱ्या माणसांना आपली जागा देते, असं रोजच्या प्रवाशांत कौतुकाने बोललं जाई.

आरशात पाहणाऱ्या मलप्पाला कारण वेगळं दिसत होतं. तो त्या गाडीचा ड्रायव्हर. तिकिटं देऊन झाली तरी महामाया दांड्याला रेलून उभी असे. गाडी खड्ड्यात आदळली की डोळे मिटून घेई. देगलूरहून भरून घेतलेली पाण्याची बाटली नांदेडला तशीच भरलेली असे. गाडी थांबली की पुरुष आडोसा गाठत. तिला तसं करता येत नव्हतं, म्हणून ती पाणीच पीत नसे. पाणी नाही म्हणून पोट साफ नाही, म्हणून कुंथणं. पुढचं मलप्पाला पाठ होतं. मूळव्याध त्याने स्वतः भोगली होती. अजूनही तो स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून, तिच्यावर बायकोच्या लुगड्याचं कापड शिवून, ती बुडाखाली घेऊन बसे. डेपोत त्या ट्यूबला सिंहासन म्हणत. "महाराज बसले का गादीवर?" मेकॅनिक आनंदराज विचारी. सगळे हसत, मलप्पाही हसे.

नांदेडला चहाच्या टपरीवर त्याने एकदा सुरुवात केली.

"ताई, मला बी होतं ते."

"काय, अण्णा?"

टपरीवर चार माणसं उभी होती.

"पित्त," मलप्पा म्हणाला. "पाणी पीत जावा जरा. पालेभाजी खावा. तिखट लई नको."

"अण्णा, तुम्ही डॉक्टर कवा झाले?" ती हसली. बाकावर जागा होती, तरी तिने चहा उभ्यानेच संपवला.

घरी जेवताना त्याने शांतम्माला गळ घातली. "तू बोल की तिला. बाया-बायांत काय लाज?"

"काय बोलू? तुमच्या कंडक्टरणीचं तसलं दुखणं तुमाला कसं कळालं, असं तिनं इचारलं तर?"

"आरशात दिसतंय की."

"हे तर कुणालाच सांगू नका," शांतम्मा म्हणाली आणि भाकरी वाढली.

सांगायचं फार नव्हतं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं तेवढंच. कोमट पाण्याच्या टबात बसा. जोर लावू नका. लागली की दाबून ठेवू नका. झोपताना इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या. आणि रक्त जात असेल तर ते मूळव्याधीचंच, असं आपलं आपण ठरवू नका, तपासून घ्या.

गुरुवारी महामायाचा चेहरा पांढराफटक होता. नरसीच्या पुढे गाडी गतिरोधकावर उडाली आणि तिच्या हातातून तिकिटाचं मशीन पडलं. ते उचलायला वाकताना तिच्या तोंडून आवाज निघाला. तिने तो खोकल्यात दडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूरला, ती ऑफिसातून मशीन घेऊन येईपर्यंत, मलप्पाने आपली ट्यूब झटकली आणि तिच्या सीटवर ठेवली. बोलण्यापेक्षा हे सोपं, असं त्याला वाटलं.

तिच्याआधी आनंदराज गाडीत चढला. त्याला नांदेडला जायचं होतं.

"आरं, सिंहासन हिकडं कसं?" तो मोठ्याने म्हणाला. तेवढ्यात महामाया दारात आली. "काय बाई, मलप्पाचं दुखणं तुमाला बी लागलं का?"

ज्यांना कळलं ते हसले, मग न कळलेलेही हसले.

महामायाने ट्यूब दोन बोटांनी उचलली, चालत पुढे आली आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवली.

"तुमची वस्तू, अण्णा."

मग ती परत गेली आणि आपल्या सीटवर बसली. तिकिटं देऊन आली की पुन्हा बसली. पाठ ताठ, नजर समोर. मलप्पाने खड्डे चुकवत, जमेल तिथे वेग कमी करत गाडी नेली. मागच्या प्रवाशांनी, बैलगाडी चालवून राहिला का, म्हणून आरडाओरडा केला. नायगावला एक म्हातारी चढली आणि सवयीने कंडक्टरच्या सीटजवळ जाऊन उभी राहिली. महामाया उठली नाही.

नांदेडला सगळे उतरल्यावर तो तिच्यापाशी गेला. "चुकलं माझं, ताई. पण रगत जात असंल तर..."

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुमाला काही सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मग."

पुढच्या आठवड्यात तिने मुखेडची ड्युटी मागून घेतली.

नरसीला कधीकधी दोन्ही गाड्या शेजारी लागतात, खिडकीला खिडकी. परवा तशाच लागल्या. तिच्या सीटवर कोणी म्हातारा बसला होता. ती दांडा धरून उभी होती. जवळच्या हुकाला बाटली टांगलेली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

मलप्पाने स्वतःची बाटली उघडली, तिला दिसेल अशी वर धरली आणि दोन घोट प्यायला.

महामायाने पाहिलं. मग तिने दोरी ओढून दोनदा घंटी दिली आणि तिची गाडी सुटली.