कडू अंगारा

शिफ्ट सुटली की चाकणला आमच्या कंपनीच्या गेटसमोर दोन रांगा लागत. एक शालनबाईंच्या भेळेच्या गाडीपुढे, दुसरी शेजारच्या पिंपळाखाली बसणाऱ्या रंगराव महाराजांपुढे. पहिल्या रांगेतल्या माणसांचं पोट बिघडलं की ती दुसऱ्या रांगेत जात. सोय उत्तम होती.

महाराज जिभेवर चिमूटभर अंगारा ठेवत. "जंतू वगैरे कलियुगातली नावं. मुळात असते ती वासना. ती आतड्यात ठाण मांडते. अंगारा तिला समज देतो." वासनेला समज मिळे आणि बहुतेकांचे जुलाब थांबत. अंगारा लागे मात्र कडूजहर. फोर्कलिफ्ट चालवणारा शेखर सांगे, "कडू हाय म्हणजे पावर हाय, भावा."

मी कंपनीत क्वालिटीला आहे. खोट काढण्याचाच पगार घेतो. तरी भेळ मीही खात असे.

शालनबाईंची भक्ती सगळ्यांच्या पुढे. गिऱ्हाइकाला बाधू नये म्हणून त्या रोज चटणीच्या डब्यातही अंगारा टाकत. शिवाय डबा कधी रिकामा करत नसत. तळाला थोडी चटणी ठेवून वर नवी ओतत. भांडं कोरडं पडलं की बरकत जाते, असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं.

पुढं अंगारा लागू पडेनासा झाला. अर्धी असेंब्ली लाइन संडासापुढे उभी. "तुमची श्रद्धा पातळ झालीय," असं म्हणून महाराजांनी चिमूट वाढवली.

तेवढ्यात शालनबाईंची करिष्मा आजारी पडली. बारावीतली पोर, गाडीवर आईला हात द्यायची. ताप, शौचातून रक्त. आईनं अंगाराच दिला. पोर हाक मारूनही डोळे उघडेना, तेव्हा मी आणि शेखरनं तिला आणि शालनबाईंना रिक्षात घालून डॉक्टर श्रद्धांकडे नेलं.

तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, "नेहमीची औषधं या जंतूवर चालत नाहीत. एकच उरलंय, ते सलाइनमधून सुरू करते. आधी कुठल्या गोळ्या दिल्या होत्या?"

"गोळी न्हाई वो. निस्ता अंगारा. लई कडू," शालनबाई म्हणाल्या.

"शालनबाई, लहानपणी राखेनं दात घासलेत ना? कडू लागायची?"

शालनबाईंनी पदराची गाठ चाचपली. "न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पदरातली पुडी मी दवाखान्यातल्या चहाच्या गाळणीत ओतली. राख खाली गेली. वर गोळीच्या गुलाबी सालीचे तुकडे राहिले, एकावर अर्धा छापील आकडा. डॉक्टरांनी ते पाहिले, चटणीच्या डब्याचंही विचारून घेतलं. "जंतू मारणाऱ्या गोळ्या कुटून घातल्यात. बरेचसे जुलाब तर आपोआपच थांबतात. न धुतलेल्या हातानं जंतू चटणीत जातात. चिमूटभर औषधानं दुबळे मरतात, दांडगे उरतात. तळाला ठेवलेल्या चटणीत तेच वाढत जातात, आणि मग त्या औषधाला जुमानत नाहीत."

दुसऱ्या दिवशी शालनबाई सरळ पिंपळाखाली गेल्या. महाराजांना उठवून त्यांनी आसन उचललं. खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. रांग मोडून माणसं वाकून बघू लागली.

"लोकांना गुण येत होता ना?" महाराज म्हणाले.

"आता न्हाई येत. माज्या पोरीला एकच औषध उरलंय, म्हाराज."

मग त्यांनी चटणीत ब्लीचिंग पावडर मिसळून ती खड्ड्यात ओतली, डबा उकळत्या पाण्यानं धुतला आणि उन्हात पालथा घातला. शेखरला राहवलं नाही. "मावशी, भांडं कोरडं पडलं. बरकत जाईल."

"माजी बरकत दवाखान्यात निजलीय," त्या म्हणाल्या.

करिष्माचा ताप उतरला. ते शेवटचं औषधही असंच कुणी राखेत कालवलं, तर पुढच्या करिष्माला काय देणार, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून एवढंच म्हणणं आहे. हात साबणानं धुवा, चटणी रोज नवी करा, औषध डॉक्टरला विचारून घ्या. आणि राख कडू लागली, तर हात जोडण्याआधी का ते विचारा.