न सापडलेल्या बाटल्या

मॅलकीच्या बापाला, डॉमिनिकला, लिव्हरने नेलं, तेव्हापासून मॅलकीची आई ओनोरा बाटल्या शोधत होती.

डॉमिनिकने पोरवयात चर्चमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती, आणि त्या शपथेचा बिल्ला कोटावर मरेपर्यंत मिरवला होता. पण लिव्हर सडलं म्हणजे माणूस चोरून ढोसत होता, हे मेयो परगण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावाने घरी येऊन शोक केला आणि पबमध्ये जाऊन दात काढले. "बिल्लेवाला आतल्या गाठीचा निघाला!" आणि हे म्हणणारे कोण, तर पिंपं रिकामी करणारे! ओनोराने प्रेताच्या कोटावरून बिल्ला उपटला आणि कुदळ उचलली. कोंबड्यांचं खुराडं उकरून झालं, जळणाचा ढीग उपसून झाला, बटाट्याचं वावर तर दरसाल व्हायचं. बाटली काही निघाली नाही.

"लबाड होता, पण हुशार," ओनोरा म्हणायची.

आता मॅलकी थकू लागला. बोटांचे सांधे ठणकायचे. वर्षभर ढगाखाली राहून कातडी मात्र तांबूस झालेली. शेजारच्या पॅकीने विचारलंच, "काय रे, गुपचूप स्पेनच्या उन्हात जाऊन आलास?" ओनोराने निदान केलं, रक्त कमी पडलंय. मग सकाळी डुकराच्या रक्ताचं ब्लॅक पुडिंग, रात्री कलेजी. या मुलखात थकलेल्याला लोह चारतात. मेला, तर कमी चारलं म्हणून हळहळतात.

तपासणीत मॅलकीचंही लिव्हर सुजलेलं निघालं. बापासारखीच शपथ घेऊन त्यानेही छातीवर बिल्ला लावला होता; ओनोराने त्याकडे बोट केलं. "काढ तो. बापाचं पोर शोभतोस."

"आई, थेंब घेतला असेल तर जीभ झडो माझी."

"तोही हेच म्हणायचा."

पुढच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर एथनाने दोघांना समोर बसवलं. "ओनोराबाई, ही दारू नाही, हे लोह आहे. आतड्याच्या दाराला लिव्हर निरोप धाडतं, की पुरे झालं, लोह आत सोडू नका. याच्या जनुकात एका अक्षराची चूक आहे, म्हणून निरोप जातच नाही. दार सताड उघडं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराला नसते. मग ते बसतं साठत, लिव्हरमध्ये, सांध्यांत, कातडीत. आणि तुम्ही वरून पुडिंग चारताय!"

"उपाय?"

"रक्त काढत राहायचं. रक्ताबरोबर लोह जातं."

घरी येताच ओनोराने फ्रिजवरचं मेरीमातेचं चुंबक काढलं आणि मॅलकीच्या कपाळावर चिकटवलं. ते सुटून चहात पडलं.

"बघ! कसलं लोह नि कसलं काय. दारूच ती."

मॅलकी उठला. त्याचंही डोकं फिरलं होतं. "असली चूक आई-बाप दोघांकडून यावी लागते, डॉक्टर म्हणाल्या."

"माझ्या माहेरच्या रक्तात चूक? आमच्यात बिशप झालाय, मेल्या!"

"मग दे ना रक्त तपासायला. चोख निघालं तर हा बिल्ला मी स्वतः काढून तुझ्या हातावर ठेवतो."

ओनोरा तरातरा दवाखान्यात गेली आणि डॉक्टरचं नाक कापायच्या तयारीने तिने दंड पुढे केला.

निकाल सांगताना डॉक्टर एथनाने घसा खाकरला. "बाई, तुमच्यात चुकीच्या दोन्ही प्रती आहेत. लोह तर पोराहून जास्त."

"पोराहून जास्त?" ओनोराने ऐटीत मॅलकीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे... एक डॉमिनिककडून आली?"

"यायलाच हवी. लिव्हर गेलं म्हणजे त्याच्यातही दोन्ही असणार. थेंब न पिताही लिव्हर असंच जातं."

मायलेकांनी शेजारीशेजारी बसून रक्त काढून घेतलं. दंडावरची पट्टी तशीच ठेवून ओनोरा थेट कबरस्तानात गेली, मागोमाग मॅलकी. पर्समधून तिने डॉमिनिकचा जुना बिल्ला काढला, पदराआडचं पाप काढावं तसा, आणि त्याच्या कबरीच्या मातीत अंगठ्याने खोल दाबला.

"मेल्या, ओरडून सांगायचं होतंस ना!"

"आई, ते ओरडूनच सांगायचे."

"मग आणखी मोठ्याने," ओनोरा म्हणाली, आणि नाक पुसत खाली बसली.