नणंद-भावजयीची धक्कालाट

नणंद-भावजयीचं जमत नाही, यावर जगाचा इतका विश्वास आहे की विभागप्रमुखांना त्याचं कधी नवल वाटलं नाही. भावजय नळीत प्रयोग करायची, नणंद तोच प्रयोग संगणकात करायची, आणि उत्तरं काही जुळत नव्हती.

नळीच्या एका टोकाला दाबलेला वायू. मधला पातळ पत्रा फाटला की धक्कालाट सुसाट सुटते आणि धातूच्या तिरक्या पाचरीवर आपटते. उतार उभा असेल तर लाट मुकाट्याने परतते. तो कमी केला की आपटल्या जागी लाटेला पाचरीवर टेकणारा आखूड पाय फुटतो. संगणकात तो फुटला होता. भावजयीच्या फोटोत, त्याच उतारावर, पायाचा पत्ता नव्हता.

"शुक्रवारपर्यंत जुळवा," प्रमुख म्हणाले. "नाहीतर नळी भंगारात. तिथे कपाटं ठेवू. ती निदान भांडत नाहीत."

नळी भावजयीने स्वतः उभी केली होती. नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा तिचा आवाज तिला जास्त कळायचा. तेव्हा लहानपण घ्यायचं ठरवून तिने पाचर काढली आणि नणंदेच्या गणितात असते तशी, आरशासारखी गुळगुळीत घासली. बोलली कुणालाच नाही. पडतं घ्यायचं, तर गाजावाजा कशाला?

शुक्रवारी फोटोत पाय आला. तिने तो ऐटीत टेबलावर ठेवला. नणंदेच्या चित्रातला पाय गायब होता.

"ताई, हे काय?"

"परवा तू बाहेर होतीस तेव्हा पाचरीचा खरखरीतपणा मोजला, गणितात घातला. म्हटलं, तुझंच खरं करू."

"अहो, काल मी ती घासली."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगितलंत?"

प्रमुखांनी कपाळ चोळलं. "म्हणजे भांडण तेच, फक्त बाजू बदलल्या."

भावजयीच्या मात्र लक्षात आलं. दोघींनी हात लावला होता तो पाचरीच्या कातडीलाच.

"ताई, तुमचं जुनं चित्र काढा."

गुळगुळीत पाचर धरून केलेलं ते चित्र तिने नव्या फोटोशेजारी ठेवलं, आणि नव्या चित्राशेजारी आपला जुना फोटो. दोन्ही जोड्या बसल्या. केसाएवढा फरक उरला.

"उरलाच," नणंद म्हणाली.

"उरू द्या. तंतोतंत जुळलं तर लोक संशय घेतील."

प्रमुखांनी दोन्ही जोड्या जवळ ओढल्या. "मधल्या खरखरीची पाचर करता येईल?"

"येईल," दोघी एकदम म्हणाल्या. प्रमुख दचकले.

भावजय नवा पत्रा कापायला उठली, तशी नणंदही मागोमाग नळीच्या खोलीत आली.

"किती खरखर ठेवायची?"

"तुम्ही सांगा. घासते मी."