दुसरा फेरा

“परत एकदा,” साहेब म्हणाले. “आणि या वेळी चूक जरा नीट करा.”

कॅमेरावाल्याने सुस्कारा सोडला. चाकवाल्यांनी हातातली बोल्ट आवळायची गन खाली केली आणि समोरच्या चाकाकडे पाहिलं. पाचही बोल्ट घट्ट बसले होते, आणि तेच तर दुखणं होतं. सकाळपासून त्यांना चाक ढिलं ठेवून दाखवायला सांगत होते आणि दर वेळी त्यांचा हात ते घट्ट करून मोकळा होत होता.

“हात ऐकत नाही साहेब.”

“हात तुमचाच ना? मग त्याला सांगा, पगार पाहिजे असेल तर ऐक.”

आजूबाजूची माणसं हसली. चाकवालेही थोडं हसले. तोंडावर मास्क होता, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर हेल्मेट. त्यामुळे ते हसले की नाही, हे कुणाला कळलं नाही.

कारखान्यात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, सगळे चाकवालेच म्हणत. लाइनवर गाडी समोर आली की तिची डावीकडची दोन्ही चाकं चढवायची आणि आवळायची, यात त्यांचं सगळं उमेदीचं वय गेलं होतं. काम दिसायला सोपं, पण त्यात एक मेख आहे. पहिल्या फेऱ्यात समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. माप पुरं झालं की गनवर हिरवा दिवा लागतो. पण चाक मागच्या तबकडीला सपाट टेकतं ते शेवटचा बोल्ट आवळल्यावर, आणि ते टेकलं की आधी आवळलेले बोल्ट केसभर सैल पडतात. दिवा तर आधीच लागून गेलेला असतो. म्हणून दुसरा फेरा मारायचा. त्यात बहुतेक बोल्ट हलतसुद्धा नाहीत, एखादाच किंचित पुढे सरकतो. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस झालेलंच काम उगाच पुन्हा करतोय.

साहेबांना तसंच वाटलं होतं.

साहेब म्हणजे त्यांचे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पंधरा वर्षांपूर्वी तो घरी बसून होता तेव्हा चाकवाल्यांनीच चार जणांच्या हातापाया पडून त्याला इथे चिकटवलं होतं. पोरगा चलाख निघाला. भराभर वर चढला आणि याच लाइनचा सुपरवायझर झाला. तेव्हापासून दोघांमध्ये एक रीत पडली होती. फाटकाच्या आत तो ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’. फाटकाबाहेर तो ‘अरे’ आणि ‘तू’, आणि चाकवाले ‘साडूभाऊ’. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत कधी चुकलंही नव्हतं.

चुकलं ते नवी विजेवरची गाडी आली तेव्हा. मागणी एवढी की लाइनचा वेग वाढवला, आणि गाड्या चाकवाल्यांच्या जागेपाशी तुंबायला लागल्या. साहेब आले. शेजारी उभे राहिले. खांद्यावर हात ठेवला.

“साडूभाऊ, तेवढा दुसरा फेरा सोडा ना. दिवा लागतोय की एका फेऱ्यात.”

फाटकाच्या आत साडूभाऊ. चाकवाल्यांना ते इतकं गोड लागलं की हा हुकूम आहे की घरचं मागणं, हे विचारायचं राहूनच गेलं. साहेबांनी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, लेखी द्या. साडूकडे लेखी कोण मागतं?

चार महिने त्यांनी दुसरा फेरा मारला नाही. पहिले काही दिवस हात चुकल्यासारखा व्हायचा, मग त्याला सवय झाली. गाड्या सरसर पुढे जाऊ लागल्या. पण बॅटरीमुळे ही गाडी भलतीच जड, आणि जागेवरून उचलताना चाकाला एकदम हिसका देणारी. केसभर सैल होतं ते हिसक्या-हिसक्याने बोटभर झालं. एका उतारावर गाडी चालवणाऱ्याला आपल्या पुढे एक चाक पळताना दिसलं. कुणाचं निघालं बिचाऱ्याचं, असं वाटून तो हसलाही म्हणे. मग त्याची स्वतःचीच गाडी डावीकडे बसली. चाक उताराच्या टोकाला फळं विकत बसलेल्या बाईवर गेलं. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर कंपनीने सगळ्या गाड्या परत बोलावल्या, लाइन थांबवली आणि चौकशी बसवली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी साडू बायकोला घेऊन घरी आला. चपला काढता काढताच म्हणाला, “साडूभाऊ, उद्या काय सांगणार?”

“झालं ते. तू फेरा सोडायला सांगितलंस, मी सोडला.”

“मी सांगितलं याला साक्षीदार कोण?”

“तू आहेस की.”

साडू हसला. “मी तर विसरलोय. हे बघा, माझं नाव आलं तर मी जाईन. मी गेलो की तुम्हाला तिथे कोण ठेवतंय? दोघंही घरी. तुमचं एकट्याचं आलं तर मी आहे. तुम्हाला सांभाळीन. कसलीतरी जागा काढून देईन.”

“दाजी, आमची पोरं लहान आहेत हो,” मेव्हणी म्हणाली. “तुमची काय, लागली मार्गाला.”

चाकवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती बहिणीच्या बाजूला बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“तुमची उरलीत किती वर्षं,” ती म्हणाली. “काढा कशीबशी.”

“त्या बाईचा पाय गेलाय,” चाकवाले म्हणाले. कुणाला उद्देशून, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“तुम्ही खरं बोललात म्हणून तो उगवणार आहे का?” साडूने विचारलं. मग चहाचा कप बायकोकडे सरकवत म्हणाला, “साखर घाल गं थोडी. यांच्याकडे नेहमी फिकाच असतो.”

दुसऱ्या दिवशी चौकशीत चाकवाल्यांनी सांगितलं की दुसरा फेरा आपण आपल्या मनाने सोडला. साहेब शेजारच्या खुर्चीवर बसून खेदाने मान हलवत होते. वरच्यांना तो कबूल करणारा माणूस इतका आवडला की त्यांनी त्याच्याकडूनच ती चूक करवून घेऊन एक व्हिडिओ काढायचं ठरवलं. नव्यांना शिकवायला बरा. “तोंड दिसणार नाही,” साहेबांनी शब्द दिला. “तेवढं मी बघतो.” हा शब्द त्यांनी पाळला.

आणि आता हात ऐकत नव्हता. लाइन पुन्हा सुरू झाल्यापासून तो दुसरा फेरा मारू लागला होता, आणि जणू मधल्या चार महिन्यांची भरपाई करत होता. पहिला फेरा संपला, हिरवा दिवा लागला, इथे गन खाली ठेवायची, हे चाकवाल्यांना पाठ होतं. पण गन खाली जायच्या ऐवजी पुन्हा पहिल्या बोल्टवर जाऊन बसायची.

“लाइट जातोय,” कॅमेरावाला म्हणाला.

साहेब पुढे आले. सगळ्यांकडे पाठ केली आणि चाकवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“साडूभाऊ,” ते हळूच म्हणाले, “सोडा ना.”

पहिला फेरा झाला. दिवा लागला. हात खाली आला आणि तिथेच राहिला.

“ओके,” कॅमेरावाला म्हणाला. “मस्त. आता वाक्य.”

वाक्य कागदावर होतं. चाकवाल्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. “‘मला कंटाळा आला म्हणून मी दुसरा फेरा मारला नाही.’ साहेब, हे बदला. कंटाळा मी कधी केला नाही.”

“वाक्य आहे हो ते नुसतं. तुम्ही कुठे खरं बोलताय?”

त्यांनी वाक्य म्हटलं. मास्कमुळे आवाज नीट आला नाही, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं.

साडूने शब्द दिल्याप्रमाणे जागाही काढली. मागच्या शेडमध्ये रिकामी खोकी चपटी करून रचायची. खातं बदललं की सुरक्षेच्या वर्गाला बसावं लागतं, तसं चाकवाल्यांनाही नव्या भरतीबरोबर बसावं लागलं. शिकवणारी मुलगी बाहेरच्या कंपनीची होती. पुढे पाहुणे म्हणून साहेब होते. अपघातानंतर त्यांना सगळ्या कारखान्याची गुणवत्ता बघायला दिली होती.

दिवे मालवले. पडद्यावर मास्क घातलेला एक माणूस बोल्ट आवळून थांबला आणि म्हणाला की त्याला कंटाळा आला. पोरं खदखदली. कुणीतरी मागून म्हणालं, “काका, झोपा घरी.”

“हसू नका,” शिकवणारी म्हणाली. “या माणसाच्या कंटाळ्यापायी एका बाईचा पाय गेला. आता मला सांगा, असा माणूस तुमच्या शेजारी कामाला असेल तर त्याला ठेवायचा की काढायचा? काढायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

खोलीभर हात उभे राहिले. साहेबांनीही हसत, वर्गाला उत्तेजन म्हणून, आपला हात वर केला. मुलीची नजर शेवटच्या रांगेत थांबली.

“तुम्ही, काका? तुम्हाला नाही पटत?”

माना मागे वळल्या. साहेबांची नाही वळली. चाकवाल्यांनी उजवा हात उचलला. वर्षानुवर्षं गन पेलून त्या खांद्याचा सांधा गेला होता. हात कानाच्या वर जात नसे.

“नीट वर करा ना, मला मोजायचेत.”

त्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि तो हात वर ढकलला.

“छान. सगळेच,” मुलगी म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं. बाकीच्यांचे हात केव्हाच खाली आले. तो हात खाली यायलाही वेळ घ्यायचा. अंधारात मागच्या रांगेत एक हात बराच वेळ वरच होता.