परीक्षेसाठी राखून ठेवलेली आत्या

बीडच्या त्या दंत महाविद्यालयात डेंटल हायजीन शिकणाऱ्या पोरींना एकच घोर होता, पेशंटचा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा, असा तिथला रिवाज. आणि पेशंट तरी कसला, तर दातांवर चांगलं जाडजूड कीटण चढलेला. स्वच्छ दातांचा माणूस नेऊन बसवला, तर परीक्षक विचारणारच, की बाई, तू इथं साफ काय करणार? मग बसा पुढच्या परीक्षेपर्यंत घरी.

त्यामुळं झालं होतं काय, की शेवटच्या वर्षाच्या पोरी रस्त्यानं चालायच्या त्या लोकांच्या तोंडाकडं बघत. एसटीत कंडक्टर हसला की ह्या एकमेकींना कोपर मारायच्या. गेवराईच्या राजश्रीनं तर कमालच केली. रसवंतीवाल्याला ग्लास परत देता देता म्हणाली, दादा, जरा हसा बरं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केसाला तेल लावून गाड्यावर उभा. राजश्रीनं त्याची खालची रांग बघितली, तोंड वाकडं केलं आणि ऋतुजाला म्हणाली, काही उपयोग नाही, रोज ब्रश करतो मेला.

ऋतुजाला मात्र कसलीच चिंता नव्हती. तिच्याकडं आत्या होती.

आत्या म्हणजे चंद्रभागाबाई, केजजवळच्या एका वाडीत राहणारी. ऋतुजाचे आईबाप, धुळाजी आणि सत्यभामा, मूळचे आष्टीकडचे, पण वर्षातला निम्मा काळ मेंढरं घेऊन रानोमाळ. पोरीची शाळा बुडू नये म्हणून धुळाजीनं तिला बहिणीच्या पदरात टाकली, आणि आत्यानं ती स्वतःचीच समजून वाढवली. आत्याला एकच नाद, मिसरीचा. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घ्यायची आणि दातांना लावून ओट्यावर बसायचं. सकाळी लावायची, जेवण झालं की लावायची, कुणी बसायला आलं की लावायची आणि कुणीच आलं नाही तर करमत नाही म्हणून लावायची.

दिवाळीच्या सुट्टीत ऋतुजानं सहज मोबाईलची बॅटरी आत्याच्या तोंडात मारली आणि आनंदानं किंचाळलीच. असलं कीटण तिच्या पुस्तकातल्या फोटोतसुद्धा नव्हतं. वरती होतं, खालती होतं, पुढं होतं, मागं तर विचारूच नका. आत्याला वाटलं काहीतरी भयंकर निघालं, ती बिचारी देवाचं नाव घ्यायला लागली. ऋतुजानं तिला मिठी मारली आणि म्हणाली की आत्या, तू तर सोनं आहेस सोनं. फोटो काढला, वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आणि सगळ्या पोरी हळहळल्या. राजश्री तर अदलाबदलीवरच उतरली. तिचा मामा शहादेव जीप चालवायचा आणि दिवसभर गुटखा खायचा. तो मामा घे, वर कॉलेजचे वॉचमनकाका घे, पण आत्या मला दे, असं म्हणाली. ऋतुजानं साफ नाही म्हणून सांगितलं.

तिथून पुढं तिनं आत्याला डोळ्यांत तेल घालून जपलं. दाताला कुणाला हात लावू द्यायचा नाही, अशी ताकीदच दिली. वाडीत दंत तपासणीचं शिबिर आलं, तेव्हा आत्या रांगेत उभी असल्याचं कळताच फोन करून तिला रांगेतून बाहेर काढली. मध्ये एकदा आत्या म्हणाली, की हिरड्यातून रगत येतंय आणि डाव्या अंगानं भाकर चावत नाही. ऋतुजा म्हणाली, आता थोडीच कळ काढ, परीक्षेत सगळं मीच करणार आहे. आत्या बरं म्हणाली आणि वरणात भाकर कुस्करून खायला लागली.

तसं ऋतुजाचं घोडंही अडलं होतंच म्हणा. केजच्या एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तिला शब्द दिला होता, की ह्या खेपेला पास झालीस तर लगेच कामावर ये, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल, दवाखाना काही थांबणार नाही. तिकडं धुळाजीनं जिथं जिथं मेंढरं बसवली तिथं तिथं सांगून ठेवलं होतं, की पोरगी दाताच्या डॉक्टरचा उजवा हात होणार. आता नापास होऊन ह्या बापाला तोंड कसं दाखवायचं? पण नापास व्हायचा प्रश्नच कुठं होता?

परीक्षेच्या दिवशी सकाळी ऋतुजा कडक ॲप्रन घालून फाटकाशी उभी राहिली. केजची जीप आली. आत्या उतरली, नवं इरकल नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, हातात पिशवी. भाचीला बघून तोंडभर हसली.

दात पांढरेशुभ्र.

ऋतुजाला आधी वाटलं ही दुसरीच कुणी बाई आहे. मग तिनं फाटकाचा खांबच धरला. आत्या मात्र खुशीत. तिनं सांगितलं, की आठवडी बाजारात एक बाबा बसतो, त्यानं काडीनं कसलंतरी पाणी लावलं आणि खसाखसा घासलं. जरा चरचरलं, पण बघ कसे झालेत. परीक्षा म्हणजे मोठमोठी माणसं येणार, आणि दाताचं शिकणाऱ्या पोरीच्या आत्याचं तोंड असलं काळं, असं कुणी म्हणायला नको.

आता ह्या बाईला बोलायचं तरी काय? नव्या लुगड्यात उभी असलेली, कौतुकाची वाट बघणारी ती आत्या बघून ऋतुजाला रडूही आलं आणि हसूही फुटलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. आत्याला फाटकाजवळच्या बाकावर बसवून ती पळत सुटली. काय वाट्टेल ते करून दुसरा पेशंट गाठायचा, एवढंच डोक्यात.

पण परीक्षेच्या दिवशी बीडमध्ये घाण दाताचा माणूस मोकळा सापडतो होय? रिक्षा स्टॅंडवरचा एकूण एक रिक्षावाला कुणा ना कुणा पोरीनं आधीच बोलून ठेवलेला. वडापाववाला दुपारनंतर येतो म्हणाला. टपरीवर एकजण तोंडात भला मोठा तोबरा धरून उभा होता. ऋतुजानं त्याला हात जोडून विनंती केली, की दादा, तुमचे दात मला द्या. त्यानं तिचा ॲप्रन बघितला, खिशातून डोकावणारा दात खरवडायचा टोकदार आकडा बघितला, आणि गाडीला किक मारून तो जो गेला, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. पाठीमागून आत्या पिशवी सांभाळत, ऋते, ऐक तर खरं, असं म्हणत पळत होती. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, की पुढं पळणारी डॉक्टरीण कोण आणि मागं पळणारी म्हातारी कोण, आणि नक्की कोण कुणाला भ्यालंय. ऋतुजाला ऐकायला वेळ कुठं होता?

इतक्यात राजश्री फाटकातून ओरडली, की तुझं नाव पुकारलं. संपलं. ऋतुजानं आत्याचा हात धरला आणि फाशीला चालल्यासारखी आत गेली.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून खुर्च्यांमधून फिरत होत्या. पलीकडच्या खुर्चीत शहादेवमामा आ वासून पडला होता आणि राजश्री त्याच्या तोंडात आनंदानं काम करत होती. आत्या आडवी झाली. बाई आल्या, आत्या अदबीनं हसली, आणि ऋतुजा गडबडीनं सांगायला लागली, की मॅडम, माझ्या पेशंटचे दात स्वच्छ आहेत, माझं चुकलं, मी पुढच्या वेळी...

बाईंनी तिला थांबवलं. आत बघितलंस का, म्हणून विचारलं. तपासणीचा आरसा तुला शोभेला दिलाय का, असं म्हणून बाईंनी बोटानंच दाखवलं.

खरंच की. पहिल्या वर्षी पहिल्या तासाला शिकवलेली गोष्ट. ऋतुजानं तो काडीवरचा इवलासा आरसा घेतला आणि खालच्या दातांच्या मागं धरला.

तिथं सगळं जसंच्या तसं होतं. काळं, पिवळं, थरावर थर, पुढच्या सहाही दातांच्या पाठीशी एकसंध बांध घातलेला. दाढांच्या आतल्या अंगालाही तेच. ऋतुजाचा जीव भांड्यात पडला तो एवढ्या जोरात, की ती चक्क जागेवर एक उडीच मारून बसली. राजश्रीनं मान लांब करून डोकावलं आणि मास्कच्या आतून खुसखुसली. शहादेवमामाला काय झालं ते कळेना, पण तोही आ वासलेल्या तोंडानं हसायला लागला आणि त्याच्या गालाला लाळ ओढणारा पाइप चिकटून बसला.

मग ऋतुजाचा हात काय सुटला म्हणता. कीटणाचे तुकडे टकाटका ट्रेमध्ये पडायला लागले. मनातल्या मनात ती केजच्या दवाखान्यात पोचलीसुद्धा होती. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते ती कापसानं टिपत होती, आणि बाई वाकून बघत होत्या.

ओळखीच्या आहेत का, म्हणून त्यांनी विचारलं. ऋतुजा अभिमानानं म्हणाली, की माझी आत्या आहे, हिनंच मला वाढवलं, आणि तोंडाची अवस्था मला दिवाळीपासून माहीत आहे.

"मग इतके दिवस साफ का केलं नाहीस?"

ऋतुजाचा हात थांबला. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण आत्या खालून तिच्याकडंच बघत होती.

"परीक्षेसाठी राखून ठेवलं होतं, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. "हिरड्या बघ किती सुजल्यात. भाकरी कशी खात असेल ही? माणूस आहे ती, तुझी परीक्षेची शिदोरी नाही."

आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण ऋतुजाला वाटलं, आत्ता इथल्या इथं धरणी फाटावी. सगळी गंमत एका दमात उतरली. डोळे भरून आले आणि मास्क ओला झाला.

तेव्हा आत्यानं हात वर केला, तोंडातली नळी स्वतःच बाहेर काढली आणि उठून बसली. पदरानं तोंड पुसलं.

"बाई, पोरीला बोलू नका. तिचं काय बी चुकलं न्हाई. त्यो बाजारातला बाबा मागूनबी घासायला निघालता. म्या म्हणलं, पुढचं दिसतंय तेवढंच कर. मागं हात लावू नको, ते माझ्या भाचीचं हाय."

पलीकडं राजश्रीचं काम थांबलं. परीक्षक बाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता त्या चष्मा पुसायला लागल्या, जो आधीच स्वच्छ होता. मग ऋतुजाकडं वळून म्हणाल्या, की हिनं तुझ्यासाठी एवढं केलं, आता तू हिच्यासाठी काय करतेस ते दाखव. पेशंटला समजावून सांगणं हा परीक्षेचाच भाग आहे, त्याशिवाय मी पास करणार नाही.

ते भाषण ऋतुजाला तोंडपाठ होतं. ब्रश कसा धरायचा, हिरड्या कशा चोळायच्या, तंबाखूनं काय काय होतं, सगळं. त्यातलं एक अक्षर आठवेना. तिनं आत्याचा हात धरला.

"आत्या, मिसरी सोड."

"सोडली," आत्या म्हणाली.

परीक्षक बाईंना खरं वाटेना. एवढ्या वर्षांची सवय, आणि अशी एका शब्दात? आत्यालाच त्यांचं नवल वाटलं.

"त्यात काय, बाई? मिसरी बघून पोरगी लई खूश व्हायची, म्हणून लावीत गेले. आजवर एकदाबी सोड म्हणली न्हाई ती." मग ती भाचीकडं वळली. "कावून म्हणली न्हाईस गं? म्हणली असतीस तर कवाच सोडली असती."

ऋतुजानं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि भर परीक्षेत, मास्कसकट, लहान पोरीसारखी रडली. बाई मार्क मांडायला टेबलाकडं गेल्या आणि जाता जाता तिला पास म्हणून सांगून गेल्या. आत्यानं तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला, मग आपणच आडवी झाली, आ केला, आणि राहिलेलं उरक म्हणून बोटानं खुणावलं.