बुचाचा वास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझा निळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, खांद्याजवळ एक पोचा आहे आणि गळ्यातला पट्टा कधीच तुटला. पण सकाळी माझ्यात चहा भरा आणि दुपारी प्या, जीभ पोळली नाही तर नाव बदलीन. बढाई इथेच संपवतो, कारण यापुढे जे सांगायचे आहे ते मिरवण्यासारखे नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या एका बाटलीत दुसरी बाटली बसवली, दोघींच्या मधली हवा काढून घेतली आणि वर पत्र्याचा अंगरखा चढवला. तोंडाला बूच दिले आणि डोक्यावर झाकण, जे उलटे केले की कप होतो. मग एका कामगाराने माझ्यात उकळते पाणी भरून मला दिवसभर फळीवर ठेवले. सुटीच्या वेळी त्याने आत बोट बुडवले आणि "आई गं!" म्हणून ओरडला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. माझा स्वभाव मला तेव्हाच कळला. आत जे घालाल ते मी जसेच्या तसे सांभाळतो. काय घालता आहात, हे विचारायची सोय मात्र माझ्यात कुणी केलेली नाही.

मला विकत घेतले मास्तरांच्या बायकोने. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते कापड कापत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचे आणि यंत्राने चाळीसही थर एका दमात कापायचे. हात जरा हलला तर चाळीस सदरे बिघडणार. मास्तरांचा हात असा होता की यंत्र खडूच्या रेघेवरून तसूभर ढळत नसे.

त्यांना एकच मुलगी, सात वर्षांची. तिचा चेहरा गोल, म्हणून मास्तर तिला बटण म्हणत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती कारखान्यात येई आणि कापडाच्या गठ्ठ्यावर पाय हलवत बसे. मास्तर माझ्यातला चहा झाकणात ओतत, फुंकर घालून निववत आणि म्हणत, "हा बटणाचा वाटा." तिचा पिऊन झाल्यावरच त्याच झाकणात ते स्वतःचा घेत. खरे सांगतो, त्या शनिवारांसाठी मी आठवडाभर वाट बघत असे.

मास्तरांची दारू कधी सुरू झाली, ते मला नेमके सांगता येणार नाही. आधी ती आठवड्यातून एकदा होती, काम संपल्यावर, दोस्तांच्या आग्रहाखातर. मग आग्रहाची गरज उरली नाही. पुढे पुढे सकाळी त्यांचे हात कापू लागले. हात थांबावेत म्हणून घोटभर घ्यायची आणि त्या घोटापायी दुसऱ्या दिवशी हात आणखी कापायचे. एका सकाळी कारखान्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर ते थांबले. इकडे तिकडे बघून त्यांनी माझे बूच काढले आणि बायकोने लवकर उठून केलेला चहा गटारात ओतला. खिशातली बाटली माझ्यात रिकामी केली. गटारातून चहाची वाफ वर येत होती.

थर्मासमधून पिणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? मी त्यांचा आडोसा झालो. शनिवारचा चहा तेवढा ते बटणासाठी राखत. संध्याकाळी ते मला नळावर खळखळून धुवत आणि शहाण्यासारखे घरी नेत. माझी काच लख्ख होई. बुचाचे तसे नव्हते. त्याच्या बारीक बारीक छिद्रांत तो वास मुरत गेला.

कामावर जे व्हायचे तेच झाले. डावी बाही कापून झाली की कागदी नमुना पालथा घालून उजवी कापायची, हे त्या कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होते. मास्तरांनी एके दिवशी नमुना पालथा घातलाच नाही. ऐंशी बाह्या निघाल्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या. "काय मास्तर, उजवा हात दप्तरातच ठेवायचा का पोरांनी?" कुणीतरी म्हणाले आणि सगळे खो खो हसले. काजे-बटणे करणाऱ्या वयस्क मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

तो दिवस शनिवार होता, पण त्या सकाळी मास्तरांनी तोही चहा ओतून दिला होता. मालकांनी मास्तरांना त्या बाह्यांबद्दल आपल्या खोलीत बोलावून घेतले आणि तेवढ्यात बटण आली. बाबा दिसले नाहीत, पण मी टेबलावर होतो. ती आता मोठी झाली होती ना! तिने स्वतःच माझे झाकण काढले, बूच उपसले आणि अर्धे झाकण भरून घेतले. वाफ येत नव्हती, तरी सवयीने तिने फुंकर घातली. "हा बटणाचा वाटा," असे ती स्वतःशीच म्हणाली आणि एक मोठा घोट घेतला.

पुढचे सांगताना मला अजूनही कसेसे होते. तिचा श्वास अडकला. डोळ्यांतून, नाकातून पाणी आले आणि अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर ती ओकली. मावशी धावल्या, त्यांनी तिला पोटाशी धरले. मास्तर खोलीतून बाहेर आले ते तिच्या हातातले झाकण बघत जागच्या जागी उभे राहिले. माझी काच फार पातळ आहे हो. त्याआधी कधीतरी मी टेबलावरून पडून फुटलो असतो, तर एक तरी चांगले काम माझ्या हातून झाले असते.

त्या संध्याकाळी मास्तर ढसाढसा रडले. त्यांनी बटणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी शपथ, आता एका थेंबालाही शिवणार नाही." बायकोने डोळे पुसले. मलाही हायसे वाटले. ती शपथ म्हणजे दुसरी चूक होती, हे आमच्यापैकी कुणालाच कळले नाही.

त्यांनी त्याच दिवसापासून सगळे एकदम बंद केले. दुसऱ्या दिवशी अंगाला दरदरून घाम आला. तिसऱ्या दिवशी कोऱ्या भिंतीवर त्यांना किडे दिसू लागले आणि मग झटका येऊन ते स्वयंपाकघरात कोसळले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या बायकोला म्हणाल्या, "वेळेत आणलंत. रोज पिणाऱ्यानं असं स्वतःच्या मनानं एकदम तोडायचं नसतं. शरीराला सवय झालेली असते, ते जिवावर बेततं. आमच्याकडे यायचं, आम्ही औषध देऊन सोडवतो."

मी खाटेशेजारच्या कपाटावर दूध घेऊन उभा होतो, त्यामुळे डॉक्टरीणबाईंचे सगळे बोलणे माझ्या कानावर पडले. मास्तर शुद्धीवर आल्यावर बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "तलफ येईल," त्या म्हणाल्या, "पण ती पाहुण्यासारखी असते, फार वेळ बसत नाही. वीस मिनिटं, अर्धा तास. तेवढा वेळ हाताला काम द्या. उपाशी राहू नका. जिथं थांबून घेता तो कोपरा सोडा, लांबचा रस्ता घ्या. आणि एक माणूस असा ठेवा, ज्याला लाज न बाळगता सांगता येईल की आत्ता प्यावीशी वाटते आहे." मास्तरांनी काजे करणाऱ्या मावशींचे नाव घेतले.

घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितले तसेच सुरू झाले. सर्वांत कठीण वेळ संध्याकाळी सहाची. तेवढ्यासाठी बायको माझ्यात दुपारी ताजा चहा भरून पाठवी. मास्तर लांबच्या रस्त्याने येत, बसथांब्याच्या बाकावर बसत आणि सावकाश दोन झाकणे चहा पीत. कधी कधी तिसरेही. हातांची थरथर गेली. बाह्या डाव्या-उजव्या निघू लागल्या. फक्त बटणाचा वाटा परत आला नाही. शनिवारी मास्तरांनी झाकण पुढे केले की ती आधी नाक जवळ नेई, वास घेई आणि झाकण खाली ठेवी. चहा चांगला होता, वास बुचातून येत होता. मला ते ओरडून सांगावेसे वाटे.

चार महिने नीट गेले. मग मास्तरांच्या थोरल्या भावाच्या निवृत्तीचा समारंभ आला. "एकानं काय होतंय रे? साधू झालास की काय?" भाऊ चारचौघांत म्हणाला. मास्तरांनी एक पेला घेतला. तिथेच उठून घरी आले असते, तर गोष्ट एका पेल्यावर भागली असती. पण वाटेत ते स्वतःशी पुटपुटले, "शपथ तर मोडलीच. आता राहिलं काय?" आणि मग नऊ दिवस घेतच राहिले. नऊ दिवस माझ्यातला चहा पुन्हा गटारात गेला.

दहाव्या सकाळी बायको बटणाची वेणी घालत होती. मी खिडकीत होतो आणि मास्तर दाराशी बुटाची नाडी बांधत होते. बटणाने अगदी साध्या आवाजात विचारले, "आई, बाबांनी माझी शपथ मोडली ना? मग मी कधी मरणार?"

आईच्या हातातला कंगवा थांबला. ते लेकरू नऊ दिवस हे मनात घेऊन शाळेत जात होते, पाढे म्हणत होते, जेवत होते. मास्तर नाडी तशीच सोडून उंबऱ्यावर बसले. मग उठले, मला पिशवीत टाकले आणि लांबच्या रस्त्याने थेट मावशींकडे गेले.

"सगळं गेलं, मावशी. चार महिने पाण्यात गेले," ते म्हणाले.

"आधी पोरीच्या डोक्यावरचा तो हात काढ," मावशी कडाडल्या. "पिणार तू आणि ओझं वाहायचं तिनं, हा कुठला न्याय? आणि चार महिने गेले कुठे? उंदरांनी खाल्ले? एक तुकडा वाकडा कापला म्हणून अख्खा तागा फेकतोस का रे तू? बिघडला तेवढा बाजूला काढतोस आणि पुढून आखतोस. चल, डॉक्टरांकडे जायचंय. मी येते."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पुन्हा औषधे सुरू करताना त्यांनी एवढेच विचारले, "पहिल्या पेल्याच्या आधी काय काय झालं होतं, ते आठवा." मास्तरांनी आठवले. सकाळपासून पोटात काही नव्हते. एकटेच गेले होते. भावाचा टोमणा लागला होता. "मग पुढच्या वेळी जेवून जा, बायकोला बरोबर न्या आणि निघायची वेळ आधीच ठरवून ठेवा," त्या म्हणाल्या. "पाय घसरला की तिथेच बसून राहायचं नसतं."

बरे वाटल्यावर मास्तर बटणासमोर मांडी घालून बसले. "तुझी शपथ घेतली ही माझी चूक होती. शपथेनं कुणी मरत नाही. दारू माझी, चूक माझी आणि औषधही मीच घेणार. तुझा यात काही दोष नाही."

"मग आता कुणाची शपथ घेणार?" तिने विचारले.

"कुणाचीच नाही. आज पिणार नाही, एवढंच. उद्याचं उद्या सकाळी सांगेन."

त्याच दिवशी बायकोने मला कचऱ्याच्या डब्यावर धरले. मी मनातून तयार होतो, शिक्षा योग्यच होती. पण टाकण्याआधी तिने माझ्या काचेचा वास घेतला, मग बुचाचा. "मेलं हे आहे होय," असे म्हणून तिने फक्त बूच फेकले आणि बाजारातून नवे आणले. मी वाचलो. ते बूच माझ्याहून वाईट नव्हते.

मास्तर त्यानंतर आणखी एकदा घसरले, दोन वर्षांनी. पण त्या दिवशी त्यांनी दारातच सांगितले, "आज घेतली." बायकोने ताट वाढले आणि दुसऱ्या सकाळी दोघे दवाखान्यात गेले. त्याला आता चौदा वर्षे झाली. रोज सकाळी मास्तर माझ्यात चहा भरता भरता "आज नाही" असे म्हणतात. आता चहा तेच करतात.

बटण मोठी झाली, नोकरीला लागली. सुटीच्या दिवशी घरी येते, हसते, बाबांची थट्टा करते. पण पुढ्यात काहीही आले की ती आधी वास घेते. चहाचा, सरबताचा, औषधाचा, साध्या पाण्याचासुद्धा. आपण असे करतो हे तिला ठाऊकही नसावे. मास्तरांना मात्र ठाऊक आहे. एकदा ते चिडले, "अजून विश्वास नाही का गं?" "कशावर?" तिने गोंधळून विचारले. नंतर बायको त्यांना हळूच म्हणाली, "तुम्हाला सोडायला किती वर्षं लागली? तिच्या नाकाला वेळ द्या की." तेव्हापासून मास्तर चहा ओतण्याआधी माझे बूच काढतात आणि मला स्वतःच तिच्यापुढे धरतात. ती वास घेते. मग झाकण हातात घेते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असे पीत असेल तर ते तुमच्यामुळे नाही. कुणी तुमच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ लागला, तर तो हात काढून त्याला डॉक्टरकडे जायला सांगा आणि एखाद्या भल्या, मोठ्या माणसाला सगळे सांगून टाका. कुणी घसरून परत आला, तर त्याचे चांगले गेलेले दिवस त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका. आणि तो परत आला म्हणून तुमची भीती लगेच गेली नाही, तर तिची लाज बाळगू नका.

माझे बूच बदलून सोळा वर्षे झाली. माझ्यात चहाशिवाय काही नसते, हे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नाही. तरीही मास्तर मला तिच्यापुढे धरतात आणि ती डोळे मिटून नाक जवळ आणते, तेव्हा दर वेळी मला भीती वाटते.