मुखपृष्ठावरचं वाक्य

पत्रकारिता विभागाचं वर्ष इतकं भरभराटीचं गेलं होतं की अहवाल लिहिताना मॅडमना विशेषणं पुरेनात. प्रवेश दुपटीने वाढले होते आणि रेडिओची नवी खोली उभी राहिली होती. विद्यार्थ्यांच्या ज्या साप्ताहिकाकडे आधी कुणी ढुंकून बघत नव्हतं, ते आता लोक बसथांब्यावर मागून घेऊन वाचत होते. या सगळ्यावर कळस म्हणजे विद्यापीठांच्या स्पर्धेत त्यातल्या एका लेखाला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

मॅडम तिथे संपादन शिकवायच्या, दोन वर्षं हंगामी म्हणून. त्यांना कायम करण्याची फाईल याच अहवालासोबत वर जाणार होती. इतकं सगळं मनासारखं जुळून आल्यावर माणसाने पाय पसरून बसावं की नाही? पण मॅडमचं बूड काही खुर्चीला टेकेना. त्यांनी खिडकी उघडली, लावली, परत उघडली. सकाळी सासूबाईंनीही टोकलं होतं, "काय गं, मुंग्या चावतायत का? दोन घास तरी बसून खा."

मुंग्या मुखपृष्ठावर होत्या. बक्षिसाचा लेख रुग्णालयाच्या धुलाईखात्याबद्दल होता आणि त्यात तिथल्या मावशींच्या तोंडचं एक वाक्य होतं : 'डाग निघून जातो, पण तो कुणाचा होता ते हातांना आठवत राहतं.' परीक्षकांनी याच वाक्याची तारीफ केली होती. म्हणून विभागप्रमुख सरांनी ते अहवालाच्या मुखपृष्ठावर भल्यामोठ्या अक्षरात घ्यायचं ठरवलं. चार वाजता सगळा मजकूर छापखान्यात जायचा होता.

वाक्य मॅडमना नको इतकं ओळखीचं वाटत होतं. शेवटी न राहवून त्यांनी कपाटातून लेखाची कच्ची प्रत काढली. समासात लाल शाईत तेच वाक्य होतं आणि अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

ही त्यांची शिकवायची पद्धत होती. कुणाच्या तोंडचं वाक्य फिकं वाटलं की त्या समासात नमुना लिहायच्या. तो बघून मुलांनी परत त्या माणसाकडे जायचं आणि त्याला पुन्हा बोलतं करायचं. लाल शाई छापायची नसते, हे विभागात सगळ्यांना तोंडपाठ होतं. निदान मॅडमची तशी समजूत होती.

त्यांनी लेख लिहिणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं. प्रश्न विचारून समोरच्याला टोचत राहायची म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे.

"हे मावशी बोलल्या होत्या?"

टाचणीने प्रत पाहिली. "तुम्हीच लिहिलंत ना, मॅडम. मला वाटलं तुम्ही त्यांना फोन केला असेल."

"मी कशाला करीन? नमुना होता तो. तू परत जायला हवं होतंस."

"अंक निघायला तासच राहिला होता. तुम्ही म्हणालात, आता जागची हलू नकोस."

म्हणाल्या होत्या खऱ्या. दुसऱ्याला टोचणारी पोर त्या दिवशी नेमकी मॅडमना काही विचारायला धजावली नव्हती. आता तिचे डोळे भरून आले आणि मॅडमना स्वतःचाच राग आला.

राग आला तरी डोकं चालतच होतं. लेख छापून आल्यापासूनच्या चार महिन्यांत मावशींनी कुठे तक्रार केली होती? कदाचित त्यांना वाक्य आवडलंही असेल. आता जाऊन त्यांचा होकार घेतला की झालं, वाक्य त्यांचंच. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मॅडमना कळत होतं. तरी चपला घालून त्या टाचणीला घेऊन निघाल्या.

धुलाईखातं रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होतं. ओल्या फरशीवर चादरींची गाठोडी रचलेली होती आणि यंत्र धडधडत होतं. मावशींनी टाचणीला लगेच ओळखलं.

"ये गं. बक्षीस मिळालं म्हणे तुला."

मॅडमनी आपण कोण ते सांगितलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. "हे तुमच्या नावावर छापलंय, मावशी. तुमची काही हरकत नाही ना?"

मावशींनी हात पदराला पुसले. त्यांच्या बोटांची कातडी भेगाळून पांढरी पडली होती.

"वाक्य चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण मला कसं कळणार कुणाचा डाग ते? गाठोडी येतात, आम्ही यंत्रात घालतो. इथल्या बायका हसल्या मला. म्हणाल्या, तुझ्या हातांना बरंच आठवतं."

मॅडम ओशाळून हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

"मी या पोरीला तासभर सांगत होते, बाई. गरम पाण्याचा नळ दोन वर्षं बंद आहे. डागाच्या चादरी आधी हाताने चोळाव्या लागतात, थंडगार पाण्यात. तेवढं लिही म्हटलं. त्यातलं एकही वाक्य चालण्यासारखं नव्हतं का?"

"मी लिहिलं होतं," टाचणी हळूच म्हणाली.

लिहिलं होतंच. मॅडमना त्या प्रतीचं मागचं पान आता लख्ख आठवलं. नळाचा सबंध परिच्छेद होता आणि त्यावर त्यांनीच लाल रेघ ओढून 'रटाळ' असं लिहिलं होतं.

"नळ झाला का सुरू?" त्यांनी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"बघा की," मावशी म्हणाल्या. मॅडमनी पुढे होऊन नळ सोडला. नुसता खरखरला.

दोघी परत निघाल्या. मॅडमच्या डोळ्यांपुढे कायम होण्याची फाईल येत होती, सासूबाईंना आधीच देऊन बसलेली बातमी येत होती. तरी पावलं मात्र भराभर पडत होती.

सर विभागाच्या वर्गातच मुखपृष्ठाचा नमुना हातात धरून बसले होते. विभागात सरांचा एकच कडक नेम होता आणि दर तासाच्या सुरुवातीला तो ते फळ्यावर लिहायचे : चूक जिथे, दुरुस्ती तिथेच आणि तेवढ्याच अक्षरात. बक्षीस मिळाल्यापासून ते गावभर मिरवत होते, म्हणून मॅडमना सांगणं अवघड होतं. पण त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, लाल रेघेसकट.

सरांनी नमुना खाली ठेवला. "बक्षीस परत करावं लागेल," ते म्हणाले. "आणि तुमची फाईल... तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे, सर."

"आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती देऊ. खाली, कोपऱ्यात. तेवढ्याने भागेल."

मॅडमनी नुसतं फळ्याकडे पाहिलं. त्यावर कालच्या तासाचा नेम अजून पुसलेला नव्हता. सरांनीही मान वळवून पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

टाचणी संगणकाशी जाऊन बसली. तिने मुखपृष्ठावरच्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सांगितलं, तिने त्याखाली लिहिलं : 'मावशी हे बोलल्या नव्हत्या, आम्ही लिहिलं होतं. मावशी म्हणाल्या, गरम पाण्याचा नळ दोन वर्षं बंद आहे.'

"अक्षर केवढं ठेवू?" टाचणीने विचारलं.

मॅडम बोलायच्या आत सरच म्हणाले, "तेवढंच."